एका पन्हळीची तीन कामं

साबरमती आश्रमात येणारा माणूस गांधींचं राहतं घर, हृदयकुंज, पाहायला येतो. ओसरीत टेकतो, चरखा बघतो, नदीकडे तोंड करून फोटो काढतो आणि जाता-येता तिथल्याच एका बैठ्या कौलारू इमारतीतून फेरी मारतो. ही इमारत म्हणजे गांधी स्मारक संग्रहालय. ते वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी रचलंय, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. कित्येकांना तर तो आश्रमाचाच एखादा जुना भाग वाटतो. हृदयकुंजानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी उभं राहिलेलं बांधकाम त्याच्याच अंगणात इतकं निमूट सामावलंय, की दोघांच्या वयातला फरक डोळ्यांना जाणवत नाही. स्मारक बांधायला घेतलेल्या माणसाने आपली सही इतकी बारीक करावी, याचंच मला आधी कौतुक वाटतं.

आणि हा माणूस तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता. सिकंदराबादेत जन्मलेला, मूळ गोव्याच्या घराण्यातला, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि एमआयटीत शिकलेला. १९५८ साली त्याने मुंबईत स्वतःची कचेरी थाटली आणि त्याच सुमारास हे काम त्याच्याकडे आलं. त्या काळचं अहमदाबाद म्हणजे वास्तुरचनाकारांची पंढरीच. ल कॉर्ब्युझिए यांची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत, संस्कार केंद्र, गिरणीमालकांचे बंगले, असं सगळं नुकतंच उभं राहिलेलं. उघडं, खरबरीत काँक्रीट, भव्य उतरणी, भिंतीभर सावल्यांचे खेळ. परदेशातून ताजा परतलेला तरुण, गावात असं वारं आणि हाती गांधींचं स्मारक! घुमट, स्तंभ, भव्य जिना यांपैकी काहीही केलं असतं तरी कुणी नाक मुरडलं नसतं. कोरियांनी उचलली ती वीट, कौल, लाकूड आणि दगड.

पण इतक्यावरच थांबून त्यांनी हृदयकुंजाची मोठी प्रतिकृती काढली असती, तर तिला साधेपणा म्हणता आलं नसतं. ते साधेपणाचं सोंग झालं असतं. त्यांनी झोपडीचं रूप घेतलं नाही, तिची शिस्त घेतली. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असा एक चौरस. चार कोपऱ्यांना विटांचे खांब, वर चारही बाजूंनी उतरणारं कौलारू छप्पर. बस्स. असे एक्कावन्न चौरस शेजारी शेजारी मांडले की झालं संग्रहालय. काही चौरसांना विटांच्या भिंती, काहींना लाकडी झडपा, काही चारही बाजूंनी मोकळे आणि काहींवर तर छप्परच नाही.

कागदावर पाहिलं तर ही निव्वळ चौकटीची वही. प्रत्यक्ष चालताना मात्र तिचा काच कुठेच जाणवत नाही. या इमारतीला दर्शनी बाजू म्हणून नाही, मधोमध जाणारा राजमार्ग नाही, डावी-उजवीकडचा तोल नाही. तुम्ही एका सावलीतून शिरता, समोर भिंत येते म्हणून वळता, तर बाजूला उन्हाचा चौकोन दिसतो. त्याच्या कडेने पुढे जाता, तर एक खोली. कुठे जायचं हे कुणी सांगत नाही आणि तरी चुकल्यासारखं वाटत नाही, कारण प्रत्येक पावलाला तोच सहा मीटरचा ठेका असतो. ताल पक्का असला की गाणाऱ्याला मोकळं सुटता येतं, तसं इथे चालणाऱ्याला सुटता येतं. जुन्या गावातल्या आळी-बोळांची ही चाल काटकोनातच राहून साधणं ही गंमत नव्हे. नवख्या हाताचा आराखडा एकतर चौकटीत घुसमटतो, नाहीतर चौकट मोडून मोकळा होतो. कोरियांनी दोन्ही टाळलं आणि तेही आपल्या पहिल्यावहिल्या मोठ्या कामात.

आता जरा मान वर करा. खरी करामत तिथे आहे.

कौलारू घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की दोन छपरं जिथे एकमेकांना भिडतात तिथेच घर गळतं. दोन्हीकडचं पाणी त्या खोबणीत उतरतं, पालापाचोळा अडकतो, पत्रा सडतो आणि दरवर्षी मृगाच्या आधी कुणालातरी वर चढावं लागतं. इथे तर एकमेकांना चिकटून अशी कितीतरी छपरं आणि प्रत्येकाला चार उतार. म्हणजे जिकडेतिकडे खोबणीच खोबणी. एखाद्याने वर सपाट स्लॅब टाकून प्रश्न मिटवला असता. कोरियांनी त्या खोबणीलाच तुळई केलं. खांबांवरून जाणारी सिमेंट-काँक्रीटची तुळई त्यांनी भरीव ठेवली नाही, वरून उघड्या पन्हळीसारखी पोकळ ओतली. छप्पर तिच्या काठावर टेकतं आणि छपरावरून ओघळलेलं पाणी तिच्याच पोटातून वाहत बाहेर जातं. भार वाहणारा घटकच पाणी वाहतो. इथे वेगळी पत्र्याची पन्हळ अडकवलेली नाही, भिंतीवरून उतरणारा नळ नाही, काही लपवण्यासाठी केलेला फॉल्स सीलिंगचा खटाटोपही नाही.

एका खांबापाशी थांबून हा सांधा नीट बघा. विटांचा खांब वर चढत जातो आणि जिथे थांबायचं तिथे गुमान थांबतो. त्याला टोपी नाही, गोलवा नाही. त्याच्या डोक्यावर करड्या रंगाची पन्हळ आडवी येऊन बसते. तांबूस वीट आणि राखी काँक्रीट यांच्यामध्ये गिलाव्याचा एक थरही नाही. कुणी कुणाला पेललंय हे शेंबडं पोरही बोट दाखवून सांगेल. दागिना म्हणाल तर त्या दोन रंगांची मिळणारी रेघ, बाकी काही नाही. आणि ती रेघ इमारतभर एकाच उंचीवर धावते, म्हणून इतक्या सुट्या सुट्या चौरसांचं विस्कळीत कुटुंब एका घरचं वाटतं.

पन्हळीचं तिसरं काम डोळ्यांना दिसत नाही, कारण ते उद्यासाठी राखून ठेवलंय. गांधींची पत्रं, छायाचित्रं, पुस्तकं, कागदपत्रं यांचा संग्रह वाढत जाणार हे उघड होतं. जागा कमी पडली की पुढे नवे खांब, त्यांवर नवी पन्हळ, त्यावर नवं छप्पर, अशी इमारत आपल्याच व्याकरणाने वाढू शकते. जोड दिल्याचं व्यंग दिसणार नाही, कारण मुळात ती सगळी जोडलेलीच आहे. पुतळ्यात भर घालता येत नाही, घुमटाला शेजार चालत नाही. हे स्मारक मात्र अपुरेपणाची सोय करून ठेवतं. भार, पाणी आणि वाढ: एका पन्हळीने तीन कामं केली, म्हणून बाकीच्या दहा वस्तू लागल्याच नाहीत. इथला साधेपणा असा हिशेबातून आलाय.

आत उभं राहिलं की प्रत्येक चौरसाला आपला आपला उंचावत गेलेला कळस मिळतो. छत लाकडाचं, निमुळतं होत वर गेलेलं. प्रकाश बाजूने येतो, दगडी फरशीवर पडतो आणि तिथून उसळून छताच्या खालच्या कडांपर्यंत पोचतो. वर टोकाशी अंधूकच राहतं. म्हणून छत आहे त्याहून उंच भासतं आणि माणूस मात्र खुजा होत नाही. बाहेरून पाहावं तर कुठलंच टोक दुसऱ्याहून उंच नाही. गांधींच्या नावाच्या इमारतीत मोठा-धाकटा असा भेद नसावा, हे असं बोलून न दाखवता छपरांकडून वदवून घेतलंय. अर्थात हा माझा अर्थ. कोरियांच्या डोक्यात कदाचित नुसती मापंच असतील.

काच तर अख्ख्या रचनेत नाही. अहमदाबादेत मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, तिथे काच म्हणजे भट्टी. त्याऐवजी उघडमीट करता येणाऱ्या लाकडी झडपा आहेत. त्यांतून वारा येतो, ऊन गाळून येतं आणि बाहेर झाडावर काय चाललंय तेही कानावर येतं. मला यातली आणखी एक बारीक गोष्ट आवडते. संग्रहालयात काच आली की आपलंच प्रतिबिंब वस्तूंवर तरंगायला लागतं. इथल्या खिडक्यांत तुम्ही स्वतःला दिसतच नाही. एक खरं, की धूळ, दमट हवा, पाखरं यांना मोकळं रान देणारी ही व्यवस्था जुन्या कागदपत्रांना मानवणारी नाही. म्हणून नाजूक ऐवजासाठी बंदिस्त खोल्या आहेत आणि त्या खोल्यांत मात्र इमारतीची गंमत थोडी उणावते. फलकांची गर्दी झाली की खांब मागे सरतो, हे तर आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांचं प्राक्तनच.

या साऱ्या सावल्यांमध्ये एक चौक पाण्याचा आहे. वर आकाश, खाली उथळ पाणी, भोवती मोकळे सोपे. त्यातून पलीकडे जाता येत नाही, कडेने वळसा घालावा लागतो, आणि त्या वळशात चाल आपोआप मंदावते. इथे मूर्ती ठेवता आली असती, चरखा ठेवता आला असता. जिथे नजर ठरते नेमकी तीच जागा कोरियांनी रिकामी सोडली.

या रचनेची कल्पना आली कुठून? अभ्यासक अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कान यांच्याकडे बोट दाखवतात आणि ते बरोबरच आहे. न्यू जर्सीत ट्रेंटनजवळ कान यांनी १९५५ साली पोहण्याच्या तलावासाठी एक छोटं स्नानगृह बांधलं. मधला चौक मोकळा, चहूबाजूंना चार चौरस, प्रत्येकावर निमुळतं छप्पर. कोरियांच्या एकेका चौरसात त्या छपराची सावली पडलेली दिसते. पण कान यांची रचना देवळासारखी चारही अंगांनी बांधेसूद आहे. एक चौरस काढला तर ती मोडेल. कोरियांनी ती गाठ सोडली. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ जोडून नवनवे आराखडे करायचा नाद होता, असं ते सांगत असत. ठरावीक तुकडे आणि अगणित जुळण्या. एक्कावन्न चौरसांचा हा डाव पाहताना मला कान यांच्याइतकाच तो पोरगाही आठवतो.

तिसरा झरा आश्रमातच होता. हृदयकुंजाशेजारची उपासनाभूमी म्हणजे नदीकाठची मोकळी जागा. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी भजनं बसवली ती याच आश्रमात. विनोबा आणि काकासाहेब कालेलकर यांचाही इथला वास मराठी वाचकाला ठाऊक आहे. ज्या आश्रमाने आपलं देऊळच उघड्यावर मांडलं, तिथे येऊन बांधणाऱ्याला काय बांधायचं नाही हे कळायला फार शोध घ्यावा लागला नसेल. आभाळाखालची मोकळी जागा हा पुढे कोरियांच्या कामाचा ध्रुवपदासारखा विषय झाला. पणजीची कला अकादमी, भोपाळचं भारत भवन, बेलापूरची घरं, सगळीकडे तो ऐकू येतो. बेलापुरात तर वाढत्या इमारतीचा धागाही परत येतो: छोटं घर, भोवती अंगण आणि ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वाढवायचं.

नेहरूंच्या हस्ते संग्रहालयाचं उद्घाटन १९६३ साली झालं. त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी याच कोरियांनी पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र बांधलं, तेही मी पुष्कळदा पाहिलंय. काळ्या दगडाच्या भिंती, मधलं कुंड, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. कुंडातल्या फरशांची मांडणीही काहीतरी सुचवते. इमारत देखणी आहे, बुद्धीची आहे, पण शेजारी कुणी जाणकार असला तर तिची खुमारी वाढते, कारण जागोजागी काहीतरी कशाचं तरी प्रतीक आहे. साबरमतीच्या त्या विटांमध्ये एकही प्रतीक नाही. पन्हळ ही पन्हळ आहे, पाणी हे पाणी. दोन्हींत डावं-उजवं करायचं झालं, तर मी अठ्ठाविशीतल्या कोरियांच्या बाजूने कौल देईन.