काव्यवाचन, काव्यरचना आणि अध्यापनाचा वर्ग

कविता शिकविता येते काय, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकास नवा नाही. त्याचे उत्तर देताना आपण सामान्यतः प्रश्नाचेच दोन तुकडे करतो. कविता वाचावयास शिकविता येते, असे आपण गृहीत धरतो आणि त्यासाठी अभ्यासपत्रिका नेमतो. कविता लिहावयास शिकविता येत नाही, असेही आपण तितक्याच सहजतेने गृहीत धरतो आणि तो भाग प्रतिभेच्या हवाली करतो. अलीकडे अनेक अभ्यासक्रमांत सर्जनशील लेखन हा विषय आला आहे खरा; परंतु बहुधा त्याची सोय वेगळ्या दालनात केलेली असते आणि काव्याच्या तासाशी त्याचा संबंध येत नाही. ही फाळणीच काव्याध्यापनाच्या दुरवस्थेचे एक प्रमुख कारण होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. रचनेचा अभ्यास वर्गात आणावयाचा तो कवी घडविण्यासाठी नव्हे, वाचक घडविण्यासाठी.

ही दुरवस्था कोणती, हे रसग्रहणाची कोणतीही नमुनेदार उत्तरपत्रिका सांगू शकेल. कवितेचा आशय 'सखोल' असतो, शब्दयोजना 'चपखल' असते, प्रतिमा 'प्रत्ययकारी' असतात आणि लय 'आशयानुकूल' असते. यांपैकी एकही विधान चुकीचे नसते, हीच खरी अडचण आहे. जे विधान सर्वच कवितांना लागू पडते, ते समोरच्या कवितेविषयी काहीच सांगत नाही. शब्द चपखल आहे असे म्हणणाऱ्याने दुसरा कोणता शब्द त्या जागी बसवून पाहिला, हे आपण त्याला कधी विचारीत नाही.

वाचनातील या पोकळपणाकडे आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले होते. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी कवींची नावे न सांगता कविता ठेवल्या आणि त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले. सुशिक्षित वाचकही कवितेच्या साध्या वाच्यार्थाशी अडखळतात आणि ठरीव भावनांच्या आधारे निर्णय देतात, असे त्यांतून दिसून आले. रिचर्ड्स यांनी रोगाचे निदान केले ते वाचनाच्या मर्यादेत राहून. विद्यार्थ्याने काय वाचले हे त्यांनी तपासले. काही रचून पाहिल्यास त्याचे वाचन बदलते काय, हा प्रश्न त्या प्रयोगाच्या कक्षेत नव्हता. तो प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी हाताळला गेला होता.

मम्मटाने काव्यहेतू सांगताना शक्ती आणि निपुणता यांच्या जोडीला काव्यज्ञांच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यास गणला आहे, हे सर्वविदित आहे. पण तो अभ्यास प्रत्यक्षात कसा करावयाचा, याची माहिती अकराव्या शतकातील काश्मीरी पंडित क्षेमेंद्र याच्या 'कविकंठाभरण' या छोट्या ग्रंथात अधिक मिळते. त्याने शिष्यांचे अल्पप्रयत्नसाध्य, कृच्छ्रसाध्य आणि असाध्य असे वर्ग केले आहेत. केवळ तार्किकाला किंवा केवळ वैयाकरणाला काव्याचा गुरू करू नये, असाही त्याचा इशारा आहे, आणि तो आजच्या अध्यापकानेही मनावर घ्यावा असा आहे. त्याने सांगितलेले दोन अभ्यास विशेष लक्षणीय आहेत. पहिल्यात अर्थाची पर्वा न करता निरर्थक शब्दांनी वृत्त भरावयाचे, म्हणजे कानाला वृत्ताची सवय होते. दुसऱ्यात प्रसिद्ध श्लोकातील शब्द काढून त्यांच्या जागी पर्यायी शब्द घालावयाचे. हा दुसरा अभ्यास क्षेमेंद्राने नवशिक्या कवीसाठी सांगितला. आपण तो वाचकासाठी वापरावा.

मराठीच्या शालेय शिक्षणाच्या आरंभीही वाचन आणि रचना यांची ताटातूट झालेली नव्हती. १८५४ साली ज्यांनी 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितेच्या वेच्यांचा संग्रह सिद्ध केला, त्याच परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 'वृत्तदर्पण'ही लिहिले. कवितेचे वेचे आणि कवितेची मोजपट्टी एकाच हाताने विद्यार्थ्यापुढे ठेवली होती. पुढच्या काळात वेचे राहिले. मोजपट्टी मात्र गण पाडण्याच्या आणि वृत्त ओळखण्याच्या दोन गुणांच्या प्रश्नापुरती उरली. वृत्त ही ऐकण्याची आणि करून पाहण्याची गोष्ट आहे हे विसरले गेले आणि ती ओळखण्याची गोष्ट झाली.

पर्यायी शब्दांचा अभ्यास वर्गात काय साधू शकेल, हे एका उदाहरणाने पाहू. बालकवींची 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता. तिच्यावर झालेली चर्चा तिच्या कितीतरी पट मोठी आहे. तिच्यातील शेवटचा शब्द 'औदुंबर' हाच आहे. त्या जागी 'उंबर' घालावयास विद्यार्थ्यास सांगावे. झाड तेच राहते, यमकही टिकते. पण सहा मात्रांच्या जागी चारच येतात आणि ओळ दोन मात्रांनी उणी पडते. ती भरून काढण्यासाठी 'तो उंबर' असे केले, तर मोजमाप जुळते. पण 'तो' या सर्वनामामुळे झाड आधीच ओळखीचे, बोट दाखविण्याजोगे होते. शिवाय 'औ' या दीर्घ स्वराने ओळीला येणारा संथपणा जातो, आणि दत्तसंप्रदायाने या नावाभोवती जमविलेले पावित्र्यही जाते. हे सर्व नष्ट झाल्यावरच ते होते, याची जाणीव होते.

आता दुसरा शब्द घ्यावा. 'पायवाट' काढून 'आडवाट' घालावी. येथे वृत्ताची काहीच तक्रार नाही. मात्रा तितक्याच आहेत. मग बिघडते काय? बिघडते ते असे की, 'पायवाट' या शब्दातील पाय नाहीसा होतो. या कवितेत पायवाट आहे, पण तिच्यावरून चालणारे माणूस नाही. पाय पुन्हा भेटतात ते शेवटच्या ओळीत, झाडाचे म्हणून. हा दुवा टीकाग्रंथातून पाठ करता येईल. परंतु जो विद्यार्थी स्वतःच्या हाताने तो तोडतो आणि पुन्हा जोडतो, त्याचे ज्ञान निराळ्या प्रतीचे असते. 'चपखल' हा शब्द त्यानंतर त्याने वापरला, तर त्यामागे पुरावा असेल.

हीच गोष्ट संतकाव्याची. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते, ही व्याख्या प्रत्येक विद्यार्थी लिहितो. त्याने आपल्या रोजच्या जीवनातील एखादी साधी गोष्ट त्या साच्यात सांगून पाहावी. अखेरच्या चार अक्षरांत वाक्य मिटविताना त्याची जी ओढाताण होईल, तीतून संतांच्या अभंगातील आखूड चरणाचा ठाम उच्चार त्याला कळू लागेल. बोलताना आपण 'कमळ' या शब्दातील अंत्य अकार गिळतो. अक्षरे मोजताना मात्र तो पूर्ण धरावा लागतो. बोली आणि छंद यांच्यातील हा ताण मोठ्याने म्हटल्यावाचून जाणवत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आजची कविता बहुतांशी मुक्तछंदात असताना मात्रा मोजण्याचा हा खटाटोप कशासाठी? परंतु 'भग्नमूर्ती' (१९४०) लिहिणाऱ्या अनिलांसाठीही मुक्तछंद म्हणजे छंदाचा अभाव नव्हता. मुक्तछंदातील कविता सलग गद्याप्रमाणे लिहून विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, तिच्या ओळी त्यांना पाडावयास सांगाव्या आणि मग मूळ कविता दाखवावी. ओळ नेमकी कोठे तुटावी, या एका प्रश्नावर तासभर गंभीर चर्चा होऊ शकेल. आणि ती चर्चा कवितेविषयी असेल, कवीच्या चरित्राविषयी नसेल.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: सुमार रचनांचा पूर येईल आणि त्यांना गुण कसे द्यावे, हे कळेनासे होईल. रचना सुमारच होतील, यात संशय नाही. त्यांना गुण देऊच नयेत. गुण द्यावेत ते रचनेसोबत लिहिलेल्या टिपणाला. कोणता शब्द टाकला, कोणता ठेवला, का ठेवला आणि त्यामुळे मूळ कवितेत काय नव्याने दिसले, याचा हिशेब त्या टिपणात असावा. ते टिपण हेच खरे रसग्रहण होय.

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. आज पदव्युत्तर वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या शाळांतून व महाविद्यालयांतून कविता शिकविणार आहेत, आणि ते जसे वाचतील तसेच शिकवतील. ठरीव विशेषणांची शिदोरी आपण त्यांच्या हाती दिली, तर तीच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल. काव्याच्या अभ्यासपत्रिकेतील दर आठवड्याचा एक तास रचनेच्या अभ्यासासाठी राखून ठेवणे, एवढा आरंभ कोणत्याही विभागास आजच्या चौकटीत राहूनही करता येण्याजोगा आहे.