नांव आणि निशाण

व्यापारी आपलें नांव दुकानावर लावतो तें कोणाही परक्या माणसानें निःशंकपणें आंत यावें म्हणून. राजकारणी पुरुष आपलें नांव निशाणासारखें उभारतो तें आपले कोण व परके कोण ह्याची निवड व्हावी म्हणून. हीं दोन्ही कामें एकाच नांवाकडून करून घेऊं गेल्यास काय होतें, हें पाहावयाचें असेल त्यानें डोनाल्ड ट्रंप ह्यांचें १९८७ सालीं प्रसिद्ध झालेलें 'द आर्ट ऑफ द डील' हें पुस्तक त्यांच्या पुढील चरित्राशीं ताडून वाचावें.

टोनी श्वार्त्झ ह्यांच्या सहकार्यानें लिहिलेलें हें पुस्तक कंटाळवाणें खास नाहीं. निवेदन चटपटीत आहे आणि सौद्यांचीं वर्णनें नाटकांतील प्रवेशांसारखीं रंगतात. परंतु त्यांतील एका सिद्धान्ताची परीक्षा करणें अवश्य आहे. धंद्यांत स्तुति मिळाली तर उत्तमच. पण मुळींच चर्चा न होण्यापेक्षां निंदा झालेली बरी, असें लेखकाचें म्हणणें. त्यास त्यांनीं पुरावाही दिला आहे. ट्रंप टॉवर बांधण्यासाठीं न्यूयॉर्कमधील बॉनविट टेलर ह्या दुकानाची जुनी इमारत पाडतांना तिच्यावरील शिल्पें फोडण्यांत आलीं. कलाप्रेमी मंडळी खवळली. पण त्या गवगव्यानें नव्या इमारतींतील घरें खपण्यास उलट मदतच झाली.

उदाहरण खरें असेल. त्यावरून काढलेला नियम मात्र खरा नव्हे. शिल्पांसाठीं हळहळणारे लोक वेगळे होते आणि घरें घेणारे वेगळे. १६ जून २०१५ रोजीं उमेदवारी जाहीर करतांना ट्रंप ह्यांनीं मेक्सिकोंतून येणाऱ्या लोकांविषयीं जे उद्गार काढले, त्यांनीं दुखावलेला माणूस मात्र बाजारांतलाच होता. पंधरवड्याच्या आंत युनिव्हिजन ह्या स्पॅनिश वाहिनीनें त्यांची सौंदर्यस्पर्धा दाखविण्याचें नाकारलें, एनबीसीनें संबंध तोडला, आणि मेसीज ह्या पेढीनें त्यांच्या नांवाचे कपडे ठेवणें बंद केलें.

हा घाव वर्मीं बसला, कारण तोंपर्यंत नांव हेंच ह्या धंद्याचें मोठें भांडवल झालें होतें. पुण्यांतील व मुंबईंतील ट्रंप टॉवर येथल्याच बांधकाम कंपन्यांनीं उभारले. न्यूयॉर्कहून आलें तें नांव. उसनें घेतलेलें नांव परतही करतां येतें. नोव्हेंबर २०१६ मध्यें, म्हणजे निवडणूक जिंकल्यानंतर, मॅनहॅटनमधील तीन इमारतींवरून तें भाडेकऱ्यांच्या अर्जामुळें उतरलें. २०१७ सालीं ट्रंप सोहो ह्या हॉटेलावरूनही गेलें. निराळ्या दर्जाच्या हॉटेलांसाठीं म्हणून त्यांच्याच कंपनीनें निवडणुकीपूर्वीं 'सायन' हें नवें नांव जाहीर केलें. त्यांत 'ट्रंप' हा शब्द नव्हता, हें पुरेसें बोलकें आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, 'मग मार-ए-लागो क्लबाची प्रवेशफी जानेवारी २०१७ मध्यें दुप्पट, म्हणजे दोन लक्ष डॉलर, कशी झाली?' आक्षेप रास्त आहे. नांवाची किंमत शून्य झाली, असें आमचें म्हणणें नाहीं. तिचा अर्थ पालटला, एवढेंच. पूर्वीं तें नांव विकत घेणारा श्रीमंतीचा डौल विकत घेई. त्याचें मत कोणास, हें कोणी विचारीत नसे. आतां त्याच नांवाखालीं राहणें वा जेवणें ही एका पक्षाची ग्वाही ठरली. ती ज्यांस द्यावयाची होती ते जवळ आले. ज्यांस केवळ एक चांगली खोली हवी होती त्यांनीं दुसरें हॉटेल गांठलें.

सौद्याची कला शिकविणाऱ्या ह्या पुस्तकांत गिऱ्हाइकाच्या स्वाभिमानाचा विचार कोठेंच येत नाहीं. आमच्या मतें हेंच त्याचें मोठें वैगुण्य होय. आणि तें दाखवून देण्यास टीकाकारांची नव्हे, तर खुद्द लेखकाच्याच उमेदवारीची गरज पडली.