‘दुम्’ची मोजपट्टी आणि मराठीतील सहक्रिया

लॅटिन भाषेत ‘दुम्’ नावाचे एक लहानसे उभयान्वयी अव्यय आहे. एक क्रिया चालू असता दुसरी घडली, हे सांगण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडे असते. युरोपीय भाषांची व्याकरणे दीर्घकाळ लॅटिनच्या साच्यावर रचली गेली आणि त्या साच्याबरोबर अशा अव्ययाने जोडलेले कालवाचक गौण वाक्य हेही एक गृहीत म्हणून सर्वत्र पसरले. मराठीचे वर्णन करणाऱ्यांनीही समकालिकतेचा विचार पुष्कळदा याच गृहीतावर उभारला आहे. ही मोजपट्टी मराठीस कितपत लागू पडते, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी घेतलेली उदाहरणे पुण्याच्या कसबा पेठेतील, विशेषतः तांबट आळी व कुंभारवाडा येथील, नित्य व्यवहारात सहज बोलली जावीत अशी आहेत. हात एका कामात आणि तोंड दुसऱ्या, अशी स्थिती जेथे दिवसभर असते, तेथे सहक्रियांची भाषा कसास लावणे अधिक उचित ठरावे.

१

प्रथम ‘दुम्’चे स्वरूप पाहू. ‘दुम् फाबेर तुन्दित्, विकीना आक्वाम् हाउसित्’ असे एक साधे वाक्य बनविता येईल. ‘तांबट ठोकीत असताना शेजारणीने पाणी काढले’ असा त्याचा अर्थ. यात ‘हाउसित्’ हे क्रियापद भूतकाळी असून ‘तुन्दित्’ मात्र वर्तमानकाळी आहे. दोन्ही क्रिया गतकालीन असताही ‘दुम्’च्या वाक्यात वर्तमानकाळ योजावा, हा लॅटिनच्या विद्यार्थ्यास कोड्यात टाकणारा नियम आहे. पण ‘दुम्’चा अर्थ एवढ्यावर संपत नाही. ‘जोवर–तोवर’ या अर्थी ते आले, तर दोन्ही वाक्यांत सामान्यतः एकच काळ असतो. ‘होईपर्यंत’ या अर्थी, अपेक्षा सूचित करावयाची असता, संशयार्थी रूप येते. आणि ‘एवढी अट पाळली तर’ असाही त्याचा एक अर्थ आहे. सारांश, ज्यास आपण समकालिकतेचे निर्भेळ चिन्ह समजतो, ते मूळ भाषेतच निर्भेळ नाही. शिवाय कर्ता एक असेल तर लॅटिनही ‘फाबेर तुन्देन्स् कान्तात्’, म्हणजे ‘ठोकीत गातो’, अशी धातुसाधिताची वाट धरू शकते. साचा पुरविणारी भाषाच त्या साच्यात पुरती मावत नाही, ही गोष्ट साचा उचलणाऱ्यांनी फारशी ध्यानात घेतली नाही.

२

हा साचा आपल्याकडे आला तो दोन वाटांनी. पहिली वाट गोव्याची. थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, राचोल येथे छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण. आणि त्याची चौकट लॅटिनची होती. ज्यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ मराठीत सिद्ध केले, त्या व्यक्तीस या भाषेच्या प्रकृतीची जाण नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु त्या काळी व्याकरण लिहावयाचे म्हणजे लॅटिनच्या कप्प्यांत भाषा भरावयाची, असाच शास्त्रमार्ग होता. दुसरी वाट इंग्रजीची. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुराहून निघाले आणि दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने (१९११) संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही परंपरांचा ऊहापोह केला, आणि अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ साली मराठी व्याकरणाच्या पुनर्विचाराचा प्रश्नच उपस्थित केला. तरीही शालेय वाक्यविचारात ‘-ताना’चे वाक्य द्यावयाचे आणि विद्यार्थ्याकडून त्याचे ‘जेव्हा–तेव्हा’ असे रूपांतर करून घ्यावयाचे, ही रीत दृढ झाली. ‘जेव्हा’ हे ‘दुम्’चे मराठी प्रतिरूप मानल्याचाच हा परिणाम होय.

३

हे रूपांतर अर्थाची हानी करते, हे दाखविणे कठीण नाही. पुढील दोन वाक्ये पाहावीत: ‘तो भांडे मठारता मठारता गातो’ आणि ‘तो जेव्हा भांडे मठारतो तेव्हा गातो’. पहिल्यात एकच प्रसंग आहे. गाणे हे मठारण्याच्या अंगाने चालले आहे. दुसऱ्यात त्याची सवय सांगितली आहे आणि दोन्ही क्रियांस सारखेच स्वातंत्र्य आहे. पहिल्याचा आशय दुसऱ्याने सांगितला जात नाही.

मराठीची स्वतःची व्यवस्था अशी दिसते. ‘-ता -ता’ या द्विरुक्त रूपास सामान्यतः एकच कर्ता लागतो. ‘बघता बघता पाऊस आला’ यासारखे रूढ प्रयोग अपवाद होत. ‘-ताना’स कर्ता एक असो वा दोन, दोन्ही चालतात; म्हणून ‘मी त्याला येताना पाहिले’ या वाक्यात येणारा कोण, हा संदेह राहतो. ‘मी त्याला येता येता पाहिले’ म्हणताच संदेह फिटतो, येणारा ‘मी’च. लॅटिनमध्ये जे काम ‘दुम्’च्या वाक्यातील क्रियापदाचा पुरुषवाचक प्रत्यय करतो, ते मराठीत रूपांची निवड करते. ही निवड ज्या व्याकरणात नोंदलीच जात नाही, ते व्याकरण अपुरे म्हणावे लागेल.

नकाराची कसोटी आणखी उद्बोधक आहे. ‘तो न बोलता चाक फिरवतो’ याचा अर्थ ‘बोलत नसताना फिरवतो’ असा नव्हे. बोलण्यावाचून फिरवतो, असा आहे. येथे काळाचा संबंध मागे पडून रीतीचा पुढे येतो. उलट ‘पडता पडता वाचला’ यात तर दोन क्रिया समकालिकही नाहीत. पहिली घडता घडता राहिली आहे. ‘दुम्’ने हे वाक्य उतरविता येणार नाही.

पूर्वकालवाचक म्हणून शिकविले जाणारे ‘-ऊन’ रूपही येथे तपासावयास हवे. ‘मांडी घालून तो हंडा ठोकतो’, ‘पदर खोचून ती घंगाळ घासते’. मांडी घालण्याची क्रिया आधी संपली हे खरे. पण तिच्यातून उत्पन्न झालेली अवस्था ठोकण्याबरोबर अखंड चालू आहे. तेव्हा क्रिया पूर्वकालीन आणि अवस्था समकालीन, असा भेद मानल्याशिवाय ही वाक्ये सुटत नाहीत. ‘एकीकडे भात रटरटतोय, एकीकडे पोळ्या चालल्यात’ या स्वयंपाकघरातील वाक्यात तर गौण वाक्यच नाही. दोन समान वाक्ये आणि ‘एकीकडे’ची पुनरुक्ती, एवढ्यावर समकालिकता सिद्ध होते. अव्ययांच्या प्रचलित यादीत ‘एकीकडे’स हे स्थान मिळालेले आढळत नाही.

४

या व्यवस्थेचे वर्णन करण्यासाठी आपणांस परकी परिभाषाच हवी असे नाही. पाणिनीने सतिसप्तमीचे विधान करणाऱ्या सूत्रात (२.३.३७) काळाच्या समानतेवर भर न देता लक्षणावर दिला आहे: ज्याच्या क्रियेने दुसरी क्रिया ओळखली जाते, त्यास सप्तमी. त्यावरील काशिकावृत्तीतील उदाहरणही गोठ्यातील नित्याचे आहे. गाईंची धार काढली जात असता गेला, काढून झाली असता आला. दोन्ही ठिकाणी विभक्ती एकच. क्रिया चालू आहे की संपली, हे धातुसाधितावरून कळते. मराठीतील ‘-त असता’ व ‘-ला असता’ ही जोडी याच वाटेने चालते. एक क्रिया लक्षण आणि दुसरी लक्ष्य, हा असमान संबंध ‘समकालिक’ या शब्दाने झाकला जातो.

या दृष्टीने मागे वळून पाहिले, तर लॅटिनचे कोडेही थोडे सैल होते. ‘दुम्’पुढील वर्तमानकाळ हा वस्तुतः काळ सांगत नसून, ‘-ताना’प्रमाणेच, केवळ क्रियेचे चालूपण सांगत असावा, काळ सांगण्याचे काम मुख्य क्रियापदावर सोपविलेले असते. मराठीस लॅटिनच्या मोजपट्टीने मोजणाऱ्यांनी मराठीच्या पट्टीने लॅटिनही मोजून पाहिली असती, तर लाभ उभयपक्षी झाला असता.

५

‘दुम्’शी तुलना सर्वथा त्याज्य आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. तुलनेने प्रश्न सुचतात. दोष आहे तो प्रश्नालाच उत्तर मानण्यात. हा धोका जुन्या व्याकरणांपुरता मर्यादित नाही. जगातील भाषांसाठी सिद्ध केलेल्या सामान्य प्रश्नावलीच्या आधारे आज भाषांची वर्णने होतात. तेथेही ‘कालवाचक गौण वाक्य’ असा रकाना आधी आखलेला असला, तर ‘एकीकडे’ आणि ‘मांडी घालून’ त्याबाहेर राहण्याचा संभव असतो. म्हणून मराठीतील सहक्रियांची नोंद करताना निदान चार प्रश्न विचारावेत: कर्ता एक की दोन, लक्षण कोणते आणि लक्ष्य कोणते, चालू आहे तो व्यापार की अवस्था, आणि प्रसंग एक की वारंवार घडणारा. अव्यय कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

यासाठी लागणारी सामग्री ग्रंथांतून पुरेशी मिळणार नाही. ती कामाच्या जागी मिळेल. स्टेनलेस स्टीलच्या प्रसारानंतर तांब्या-पितळेची भांडी रोजच्या वापरातून पुष्कळशी उठली. धंदा आक्रसतो, तेव्हा त्याचे शब्द कोशात टिपून ठेवता येतात. मात्र ठोकता ठोकता बोलण्याची वाक्यरचना कोशात मावत नाही. तांबट आळी विभागाच्या अभ्यासकांस दूर नाही. हातोडीच्या नादात बोलली जाणारी ही वाक्ये त्यांनी साच्याशिवाय, जशी कानी पडतील तशी, उतरवून घेतली, तर मराठी वाक्यविचाराच्या या प्रकरणास स्वतःचा पाया लाभेल.