जनुकाचे नाव आणि विकाराचे कारण

एखादा विकार एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या दिसू लागला, की ‘हे रक्तातच आहे’ असे आपण म्हणतो. या म्हणण्यात निरीक्षण असते. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नसतो. कुटुंबात रक्ताबरोबर घर, बोली, शिस्त आणि विपन्नावस्था हीही वाटून घेतलेली असतात. अवधानन्यूनता व अतिचंचलता या बालविकाराच्या जनुकीय संशोधनाकडे पाहताना हा भेद ध्यानी ठेवावयास हवा. हा विषय भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा, असे कोणी म्हणेल. परंतु त्यातील एका जनुकाचा पूर्वेतिहास आपल्याच शास्त्राच्या अंगणात घडलेला आहे.

लंडनमधील ‘केई’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना वाणीचा गंभीर दोष होता. तो व्याकरणाच्या विशिष्ट अंगाचा दोष होय, असे मायरना गॉपनिक यांनी १९९० मध्ये प्रतिपादिले आणि ‘व्याकरणाचे जनुक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९९५ मध्ये वर्गा-खादेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ओठ-जिभेच्या हालचाली आणि बुद्धिमापन यांतही न्यून आढळते. २००१ मध्ये फॉक्स-पी-टू या जनुकातील बदल हाती आला. तेव्हाही ‘भाषेचे जनुक’ हे बिरुद सुटले नाही.

पुढे २०१९ मध्ये डेमाँटिस व सहकाऱ्यांनी अवधानन्यूनतेचे २०,१८३ रुग्ण आणि ३५,१९१ इतर व्यक्ती यांची तुलना करून जनुकसंचातील १२ स्थाने निश्चित केली. त्यांपैकी एक स्थान फॉक्स-पी-टूचे निघाले! मग हे जनुक भाषेचे की अवधानाचे? प्रश्नच सदोष आहे. हे जनुक इतर अनेक जनुकांच्या कार्याचे नियमन करते. केई कुटुंबात त्याचा एक दुर्मिळ व घातक बदल होता. येथे सर्वसामान्यांत आढळणारे आणि अत्यल्प परिणाम करणारे भेद आहेत. पहिल्या प्रकारात कुटुंब हेच शोधाचे उत्तम साधन ठरते. दुसऱ्या प्रकारात हजारो अपरिचितांची गणना करावी लागते. एका पद्धतीचे यश दुसरीच्या निष्कर्षांवर आरोपित करणे हा तर्कदोष होय.

आकड्यांच्या अर्थाबाबतही असाच गोंधळ आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून या विकाराच्या आनुवंशिकतेचे प्रमाण सरासरी ७४ टक्के निघते. याचा अर्थ एखाद्या मुलाच्या विकाराचा तीन-चतुर्थांश भाग जनुकांचा, असा नव्हे. हे माप एका समूहातील व्यक्तिव्यक्तींमधल्या भिन्नतेचे आहे. समूह वा परिस्थिती पालटली, की तेही पालटू शकते. उलट २०२३ च्या विस्तारित अभ्यासात स्थाने २७ झाली, तरी सर्वसामान्य जनुकभेदांनी स्पष्ट होणारा वाटा सुमारे १४ टक्केच भरला. ही तफावत लपविण्याजोगी नाही, तशीच संशोधन व्यर्थ ठरविण्याजोगीही नाही.

भाषाशास्त्राचा खरा आक्षेप याहून मूलगामी आहे. २०१३ च्या अमेरिकन निदानग्रंथात या विकाराची प्रत्येक खुणेत ‘वारंवार’ या अर्थाचा शब्द येतो. नऊपैकी सहा खुणा जुळल्या, की बालकात निदानाची एक प्रमुख अट पूर्ण होते. वारंवार म्हणजे किती, हे ठरविणारा पालक वा शिक्षक असतो. त्याची सहनशीलता, वर्गातील पटसंख्या आणि त्याच्या भाषेतील त्या शब्दाची व्याप्ती या तिन्हींचा त्यात वाटा असतो. रेणूपर्यंत पोहोचणारे सूक्ष्म संशोधन अखेर अशा एका क्रियाविशेषणावर उभे आहे. म्हणून विकार खोटा ठरत नाही. प्रश्नावलीच्या शब्दांची परीक्षा मात्र जनुकांच्या परीक्षेइतकीच काटेकोर हवी, एवढे निश्चित ठरते.

हा वाद केवळ परिभाषेचा नव्हे. ‘जनुक सापडले’ या दोन शब्दांनी एखादी माता स्वतःला अपराधी मानू लागते, तर एखादा शिक्षक आपल्या कर्तव्यातून मुक्त होतो. जनुकीय शोधाने संभाव्यता सांगितली आहे. तिला विधिलिखित म्हणण्याचा अधिकार ना प्रयोगशाळेला आहे, ना भाषेला.