खर्जाची वही

माझ्याकडे नऊ वह्या आहेत. रॉक आणि फ्यूजन या प्रकारांतल्या आवडत्या ध्वनिमुद्रणांमध्ये बेस गिटारवर काय वाजवले आहे, ते कानाने ऐकून मी त्यांत उतरवून घेतले आहे. दोन वर्षांपूर्वी या वह्यांची अनुक्रमणिका करायला बसलो तेव्हा एक गोष्ट खटकली. जाको पास्टोरियस या एका वादकासाठी मी सत्तेचाळीस पाने खर्च केली होती. महाविष्णु ऑर्केस्ट्राच्या रिक लेअर्डला सगळे मिळून दीड पान. दोघेही मला प्रिय. ऐकताना एकाला दुसऱ्यापेक्षा कमी लेखल्याचे आठवत नाही. मग वहीत एवढा फरक कोणी केला? मी, की लिहिण्याच्या पद्धतीने? या लेखात त्याचाच शोध घ्यायचा आहे.

ज्यांचा या वाद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगितले पाहिजे. बेस गिटारला बहुधा चार तारा असतात आणि त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. आपल्याकडच्या शब्दांत हा खर्ज. एवढा खालचा स्वर छोट्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. तरीही तो आपण ऐकला असे आपल्याला वाटते, कारण त्याच तारेतून ८२, १२३ अशा पटीतले उपस्वर निघतात आणि त्यांच्यावरून मूळ स्वर कोणता असेल हे मेंदू ठरवून टाकतो. म्हणजे छोट्या टेपरेकॉर्डरवर ऐकून मी जे पहिल्या वहीत लिहिले, त्यातला बराच भाग मी ऐकला नव्हताच. तो अंदाज होता. त्या वहीतल्या चुका पाहिल्या तर बहुतेक सप्तकाच्या आहेत. स्वर बरोबर, पण मजला चुकलेला.

यावर एक युक्ती होती. माझ्या दोन कॅसेटींच्या डेकवर एका कॅसेटची दुसरीवर दुप्पट वेगाने नक्कल करता येई आणि ती होत असताना आवाजही ऐकू येई. वेग दुप्पट झाला की सारे संगीत एक सप्तक वर चढते. गायक चिमणीसारखा चिवचिवू लागतो, पण खर्जातला बेस मध्य सप्तकात येऊन स्वच्छ ऐकू येतो. पुढे संगणक आला, स्वर न बदलता वेग कमी करता येऊ लागला. आता तर गाण्यातून बेस वेगळा काढून देणारी साधनेही आहेत. सोय वाढत गेली, पण चुका थांबल्या नाहीत. फक्त त्यांची जात बदलली. त्यांतल्या दोन सांगतो.

लू रीडचे ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ (१९७२) हे गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्यातली घसरत जाणारी बेसची मींड विसरता येत नाही. ती मी एका वाद्याची म्हणून लिहिली. बोटे कुठून कुठे सरकत असतील याच्या खुणाही केल्या. एका हाताला ते जमत नव्हते. मी दोष माझ्या हाताला देत राहिलो. वस्तुस्थिती अशी की हर्बी फ्लॉवर्स या लंडनच्या वादकाने तिथे दोन वाद्ये वाजवली आहेत. आधी उभा डबल बेस, मग त्यावर इलेक्ट्रिक बेस. खालच्याने सा धरला तर वरचा पुढच्या सप्तकातल्या गंधारावर. एकाच सत्रात दुसरे वाद्य वाजवले की मेहनताना दुप्पट मिळतो म्हणून आपण ही कल्पना काढली, असे त्याने नंतर मुलाखतींत हसत सांगितले आहे. माझ्या कानाने दोन वाद्यांची एकजीव झालेली मींड एका माणसाच्या नावावर लावली होती.

दुसरी चूक हर्बी हॅनकॉकच्या ‘कमेलियन’ या रचनेची. १९७३च्या ‘हेड हंटर्स’ या तबकडीवरची ही पंधरा मिनिटांहून लांब रचना जिच्यावर उभी आहे, ती बेसची आकृती फ्यूजन शिकणारा प्रत्येक जण वाजवतो. कोणता स्वर कोणत्या तारेवर आणि कितव्या पडद्यावर, हे मी मोठ्या कष्टाने ठरवले होते. नंतर कळले की ती आकृती तारांवर वाजलेलीच नाही. हॅनकॉकने ती सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर वाजवली आहे. माझ्या लेखनातले स्वर बरोबर होते, बोटांच्या खुणा मात्र पूर्णपणे काल्पनिक.

या दोन्ही चुकांत एक साम्य आहे. स्वरलेखन करणारा फक्त स्वर लिहीत नाही. तो न दिसणारा वादक कल्पितो, त्याचे हात कल्पितो आणि मग त्या कल्पनेला शाईचा पक्केपणा देतो. कागदावर ऐकलेले आणि मानलेले सारखेच काळे दिसते.

तालाच्या बाबतीत ही गोष्ट आणखी अवघड होते. पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ (१९७३) सात मात्रांत आहे. ते रॉजर वॉटर्सचे गाणे आणि त्याची बेसची आकृतीच गाण्याचा चेहरा आहे. सात मात्रांत आठ स्वर: पहिल्या तीन मात्रांत सा, त्याचे वरचे सप्तक आणि पंचम यांच्यात एक उडी, मग खालच्या पंचमापासून चार पायऱ्यांची चढण. तबल्याच्या खोलीत वाढलेल्या कानाला हा रूपक वाटणारच. मी तसाच लिहिला, तीन-दोन-दोन असे विभाग पाडून. पाने सुंदर दिसली. पण रूपकाची सगळी गंमत ही की त्याची पहिली मात्रा, म्हणजे समच, खाली आहे. आवर्तन एका हलक्या जागी येऊन पडते. ‘मनी’मध्ये नेमके उलट घडते. पहिली मात्रा सगळ्यांत जड आहे. शिवाय दुसऱ्या मात्रेत जे दोन स्वर बसवले आहेत ते समान लांबीचे नाहीत. पहिला थोडा रेंगाळतो, दुसरा घाईने येतो. किती रेंगाळतो, याला माझ्याकडे चिन्ह नव्हते. आकडा सात जुळला म्हणून मी ताल जुळला असे मानले होते. सॅक्सोफोनचे एकल वादन सातात होते आणि गिटारच्या एकल वादनासाठी सारा वाद्यवृंद चार मात्रांत उतरतो, तेव्हा जी मोकळीक जाणवते ती माझ्या रूपकाच्या पानावरून कोणालाही कळली नसती.

इथवर वाचून स्वरलेखन हा फसवा उद्योग आहे असे वाटेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि अन्याय हा शब्द इथे मुद्दाम वापरतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य लोकप्रिय गाण्यांमागे जेम्स जेमरसनचा बेस आहे. हे संगीत सोल म्हणून ओळखले जाते, पण रॉक आणि फ्यूजनमधल्या पुढच्या बेसवादकांची मुळाक्षरे तिथलीच. तबकड्यांवर गायकांची नावे असत. वादकांची छापली जात नसत. मार्विन गेच्या १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ती छापली गेली, तोवर जेमरसनची बहुतेक मोठी गाणी होऊन गेली होती. १९८३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा सामान्य श्रोत्याला त्याचे नाव ठाऊक नव्हते. १९८९ साली ॲलन स्लट्स्की यांचे ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ हे पुस्तक आले. त्यात जेमरसनचे चरित्र होते आणि त्याच्या वादनाचे तपशीलवार स्वरलेखन होते. २००० साली तो रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला. ज्याच्याकडे आवरणावर नाव छापून घेण्याइतकाही अधिकार नव्हता, त्याच्या बाजूने स्वरांचा पुरावा उभा राहिला. नुसते ‘फार छान वाजवायचा’ म्हणून हे झाले नसते.

तरी तो पुरावा अर्धाच होता. जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने वाजवी. जुन्या तारा सहसा बदलत नसे. त्या मळक्या तारांतून स्वर लवकर विझतो आणि दोन स्वरांच्या मध्ये एक गादीसारखी शांतता राहते. काही ठिकाणी तर स्वर नसतोच, तारेवर दाबलेल्या बोटाचा नुसता ठोका असतो. तो फुलीने दाखवतात. पण फुली म्हणजे ‘इथे काहीतरी आहे’ एवढेच. काय आहे ते ती सांगत नाही. जेमरसनच्या ओळी मी वर्षभर वाजवल्या, सगळे स्वर बिनचूक, आणि त्यांत जेमरसन कुठेच नव्हता. स्वर सुरू कुठे होतो हे मी लिहिले होते. संपतो कुठे, हे लिहिलेच नव्हते.

आता पुन्हा त्या सत्तेचाळीस आणि दीड पानांकडे येतो. जेमरसनला न्याय मिळाला याचे एक कारण असे की त्याच्या ओळी कागदावर भरलेल्या दिसतात. उड्या आहेत, वळणे आहेत, दर दोन मात्रांनी काही नवे आहे. जाकोचेही तसेच. १९७६च्या त्याच्या पहिल्या तबकडीची सुरुवात ‘डॉना ली’ने होते, बिबॉप जॅझमधली ही अवघड चाल तो पडदे काढून टाकलेल्या बेसवर, केवळ काँगोंच्या साथीने वाजवतो. १९७७च्या ‘हेवी वेदर’मधल्या ‘टीन टाउन’मध्ये मुख्य चाल बेसवरच आहे. असे वादन लिहायला बसले की पाने भरतात आणि भरलेल्या पानांकडे पाहून लिहिणाराही खूश होतो.

याउलट १९७३चे ‘बर्ड्स ऑफ फायर’. अठरा मात्रांचे आवर्तन, जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार, जेरी गुडमनचे व्हायोलिन, यान हॅमरच्या पट्ट्या आणि बिली कॉबमचे वादळी ड्रम्स. त्या सगळ्यांच्या तळाशी लेअर्ड एक लहानशी आकृती धरून बसतो. ती मी एकदा लिहिली आणि पुढे पुनरावृत्तीची खूण केली. काम संपले. त्या खुणेने लेअर्डला दीड पानात बसवले.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजावून सांगावे लागू नये. एकल तबलावादनाला कोणीतरी हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरतो. तीच चाल, तोच वेग, अर्धा तास, तास. त्या लेहऱ्याचे स्वरलेखन एका ओळीत होईल आणि ते कोणी छापणार नाही. पण तबलजी किती दूर गेला आणि समेवर नेमका कसा परतला, हे कळते ते लेहऱ्यामुळेच. लेहरा डळमळला तर मोठ्यातला मोठा तबलजी पांगळा होतो. लेअर्डचे काम या जातीचे आहे, आणि मी त्याची मोजदाद स्वरांच्या संख्येने केली होती. पुढे त्याने वादन सोडले आणि छायाचित्रण हा व्यवसाय केला. २०२१ साली तो वारला. त्याच्याविषयीचे लेखन शोधताना माझी ती दीड पाने आठवून मला ओशाळल्यासारखे झाले.

कागदावर काय येते आणि काय निसटते, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या तोंडी असलेल्या बंदिशी स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त मराठीतून छापल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांचीही स्वतंत्र लिपी होती. गाणे पुस्तकात येत नाही, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो खराही आहे. पण बंदिशीच्या स्वरलेखनाला एक सवलत असते: ते गाण्याच्या आधी उभे असते. गायकाने पुढे काय भरायचे ती जागा त्यात मोकळी आहे आणि ती मोकळी आहे हे सर्वांना मान्य आहे. माझे स्वरलेखन वाजवून झाल्यानंतरचे. एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट माणसाने, एकदाच जे वाजवले त्याची मी साक्ष देत असतो. साक्षीदाराने मोकळ्या जागा गुपचूप भरायच्या नसतात.

म्हणून दहाव्या वहीत मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली साधी आहे. जे स्वच्छ ऐकू आले ते शाईने, जे ताडले ते शिसपेन्सिलीने. बोटांच्या खुणा तर नेहमीच पेन्सिलीने. दुसरा बदल अधिक वेळखाऊ आहे. बेसची ओळ एकटी लिहायची नाही. तिच्या डोक्यावर त्या क्षणी सर्वांत जास्त बोलणाऱ्या वाद्याची ओळ लिहायची, आणि पुनरावृत्तीची खूण वापरायची नाही.

‘बर्ड्स ऑफ फायर’ या पद्धतीने पुन्हा लिहायला घेतले आहे. खालच्या ओळीत तीच आकृती मी आवर्तनामागून आवर्तन उतरवतो आहे आणि वर कॉबमचे ड्रम्स दाटत, फुटत, मात्रांच्या आडून निसटत चालले आहेत. हात दुखतो. पण वरची ओळ जिथे अगदी ओळखू येईनाशी होते, तिथे माझी नजर आपोआप खाली जाते आणि मी कुठे आहे ते तिथे कळते. आतापर्यंत एकवीस पाने झाली आहेत. रचना अजून अर्धी व्हायची आहे.