‘तंत्रस्नेही’ शिक्षक : एका शब्दाची व एका प्रशिक्षणाची चिकित्सा

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्दप्रयोग आता पुरता रूढ झाला आहे. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हे शासकीय धोरण २०१५ साली आले. त्यानंतरच्या वर्षांत कार्यशाळांची नावे, प्रशस्तिपत्रे व शिक्षकांच्या गटांची नावे ह्यांतून तो सर्वत्र दिसू लागला. ‘पर्यावरणस्नेही’सारख्या समासाच्या नमुन्यावर तो घडविला गेला असावा व रचनेच्या दृष्टीने त्यात दोष नाही. आमचा आक्षेप अर्थाविषयी आहे. ह्या समासात शिक्षकाचे नाते तंत्राशी जोडले जाते. तो काय शिकवितो आणि कोणास शिकवितो ह्या दोन्ही गोष्टी समासाबाहेर राहतात. प्रशिक्षणवर्गांचे प्रत्यक्ष स्वरूप पाहता हा शब्द त्यांना यथार्थपणे लागू पडतो, असेच म्हणावे लागते.

काही वर्षांपूर्वी अशा एका वर्गास भाषेचा अभ्यासक म्हणून प्रस्तुत लेखकास निमंत्रण होते. दिवसाचा बहुतेक वेळ चित्रफीत तयार करणे, तीत आवाज भरणे, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलवर उघडणे आणि गुगल फॉर्मवर चाचणी रचणे ह्यांत गेला. दुपारी एका बाईंनी प्रश्न विचारला. त्यांच्या वर्गात घरी हिंदी बोलणारी काही मुले होती. ती ‘चारा’ हा शब्द ‘चार’ ह्या संख्यावाचकातील च-काराने उच्चारीत. ह्यासाठी मोबाइलचा काही उपयोग होईल काय, असे त्यांनी विचारले. मार्गदर्शकांनी हा प्रश्न भाषेच्या तासासाठी राखून ठेवण्यास सांगितले. भाषेचा तास माझाच होता, आणि तयार उत्तर मजजवळही नव्हते, ही कबुली द्यावयास हवी.

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. मराठीत च, ज व झ ह्या अक्षरांना प्रत्येकी दोन उच्चार आहेत, एक तालव्य व दुसरा दंत्य. ‘चार गुरे चार’ ह्या वाक्यात एकच लिखित रूप दोनदा येते. पहिला च तालव्य, दुसरा दंत्य. इ, ई, ए ह्या स्वरांपूर्वी उच्चार सामान्यतः तालव्य असतो (चिमणी, चेंडू), ‘चंद्र’, ‘चरण’ अशा तत्सम शब्दांतही तो तालव्यच राहतो. परंतु ‘चाक’, ‘चूल’, ‘चोर’ ह्यांत तो दंत्य आहे. मराठी घरातील मूल हा भेद शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. हिंदी घरातील मुलास तो कानांनीच मिळवावा लागतो, कारण लिपी तो दाखवीत नाही आणि छापील पुस्तकही दाखवू शकत नाही. येथे ध्वनिमुद्रणाचे काम आहे. मोबाइलवर वर्गातील चारदोन मुलांचे उच्चार घ्यावेत, एकापाठोपाठ ऐकवावेत व शब्दपट्ट्यांचे ऐकून दोन ढीग करावयास सांगावेत. उच्चाराचा आग्रह नंतर धरावा, तोही ‘शुद्ध-अशुद्ध’ हा शेरा न मारता. ह्यास इंटरनेट लागत नाही. लागते ते ध्वनिविचाराचे थोडे ज्ञान, आणि नेमके तेच त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

ही उणीव एकाच वर्गाची नव्हे. केंद्र शासनाचा ‘निष्ठा’ हा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला व २०२० साली ‘दीक्षा’ मंचावर अठरा घटकांच्या स्वरूपात आला. त्यात भाषाध्यापनाचा घटक वेगळा व तंत्रज्ञानाचा वेगळा आहे. ‘समन्वय’ हा शब्द अशा साहित्यात विपुल असतो. तथापि समन्वय करण्याचे काम शेवटी एकट्या शिक्षकावर पडते. पुण्य मिश्रा व मॅथ्यू केलर ह्यांनी २००६ सालीच विषय, अध्यापनपद्धती व तंत्र ही ज्ञाने वेगवेगळी शिकवून एकत्र येत नाहीत, अशी मांडणी केली होती. त्यांच्या आराखड्याचे वर्तुळांचे चित्र प्रशिक्षणात पुष्कळदा दाखविले जाते. त्यातील मध्यभागी काय भरावयाचे, हे मात्र क्वचितच दाखविले जाते.

ह्याउलट एक जुना प्रयोग आठवतो. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ ह्या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचविण्यात आले (महाराष्ट्र त्यांत नव्हता). त्याच योजनेत प्राथमिक शिक्षकांचे बारा दिवसांचे प्रशिक्षण झाले. शिकवावयाचे होते ते विज्ञान. दूरदर्शन, आकाशवाणी, छापील साहित्य व केंद्रावरील चर्चा ही त्याची साधने होती. दूरदर्शनसंच कसा चालवावा हा त्या प्रशिक्षणाचा विषय नव्हता. उपग्रह उसना होता, तो वर्षाने परत गेला, आणि प्रयोगाच्या मर्यादाही पुष्कळ होत्या. परंतु विषय व साधन ह्यांचा क्रम तेथे उलटला नव्हता.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तेव्हापासून त्यांचे क्यूआर कोड हे प्रशिक्षणातील नित्याचे उदाहरण झाले. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने दिलेल्या माहितीत कोडाच्या आधी दुसरी एक गोष्ट येते. पाठ्यपुस्तके मुलांच्या घरच्या भाषेत नव्हती, म्हणून त्यांनी ती प्रथम त्या भाषेत आणली. ते भाषेचे काम होते. कोड हे ते मुलांपर्यंत नेण्याचे साधन. अनुकरण मात्र कोडाचे झाले. भिंतींवर व वह्यांवर चौकोन आले. गोंडी, कोरकू वा अहिराणी बोलणाऱ्या मुलांसाठी त्या चौकोनामागे काय ठेवावे, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

ह्यात विद्यापीठांचा वाटा लहान नाही. आम्ही ध्वनिविचार शिकवितो तो परीक्षेपुरता. शाळेतील बाईंच्या प्रश्नाशी त्याचा संबंध जोडणे हे आमचे काम आहे असे आम्हांस वाटत नाही. ह्या वर्षी एम.ए.च्या विद्यार्थ्यांकडे दंत्य-तालव्य जोड्यांचे मुलांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण करण्याचे काम सोपविले आहे. तीन शाळांतील शिक्षकांनी ते वर्गात वापरून पाहण्याचे मान्य केले आहे. त्यांच्या नोंदी हाती आल्यावर ह्याच पत्रिकेत मांडता येतील.