सहाजणांच्या घरचं काय?

यंदा क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महिला मंडळाने बस्तीच्या हॉलमध्ये शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ लावला. शेवटाला निम्म्या हॉलने डोळ्याला पदर लावला. मीही लावला. पण रात्री भाकरी थापताना एक गोष्ट सलायला लागली, म्हणून हे लिहिते आहे.

चित्रपट १९५७ चा, गोष्ट तुम्हां सगळ्यांना ठाऊक. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो, आणि बेड्या न घालता त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो. (नाव आदिनाथ, आणि काम शेती शिकवण्याचं! कृषी शिकवणाऱ्या पहिल्या तीर्थंकरांची रोज पूजा करणाऱ्या आम्हां बायकांत कुजबूज व्हायचीच. लेखक ग. दि. माडगूळकरांनी ते मुद्दाम ठेवलं की सहज, कोण जाणे.)

कैदी पळत का नाहीत? चित्रपटाचं उत्तर एकच, जेलरचे डोळे. त्यांची जरब, त्यांतली माया. पडद्यावर हे विलक्षण परिणाम करतं. संध्याची खेळणी विकणारी चंपाही गोड आहे, जरा जास्तच गोड. पण उत्तर म्हणून मला ते अपुरं वाटतं. माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळतो तो मनातला राक्षस मेला नाही म्हणून, आणि प्रेमाने तो मारला की काम झालं, असं चित्रपट धरून चालतो.

त्यातल्या त्यात बाजाराचा प्रसंग खरा. हे सहाजण स्वस्तात भाजी विकतात, बाजारातल्या लोकांना ते खुपतं, मार बसतो, आणि दिलेल्या शब्दापायी हे हात उचलत नाहीत. माणसं बदललीत, बाजार तोच आहे, हे इथे चित्रपट नकळत सांगून जातो. पण लगेच तो सगळं पाप दुष्ट व्यापाऱ्यांच्या माथी मारतो, आणि हॉलमध्ये बसलेल्या आपण सुटतो. आपण काही कुणाला मारायला माणसं पाठवत नाही ना!

बारा-तेरा वर्षांमागे आमच्या धान्याच्या दुकानात एक माणूस हमालीला होता. हिंडलग्याच्या जेलमधून शिक्षा भोगून आलेला. यांनी सगळं माहीत असून त्याला ठेवून घेतलं, याचा मला अभिमान होता. चार जणींत मी तो मिरवलाही. काम चोख. पोती मोजताना कधी चूक नाही. आत राबून मिळवलेले पैसे पहिल्या महिन्यातच खाण्यापिण्यात संपले. खोली मात्र कुणी देईना. गाव कुठलं, आधी कुठं होता, एवढं विचारलं की दार बंद. तो स्टँडवर झोपायचा. बायको खानापूरकडे माहेरी. एके दिवशी मागच्या दारी येऊन म्हणाला, “आक्का, तुमची मागची खोली रिकामी हाय न्हवं? भाडं देतो की. बायको-पोराला आणतो.”

मी म्हटलं, “यांना विचारून सांगते.” विचारलं नाही. घरात दोन वयात आलेल्या मुली, लोक काय म्हणतील, सासूबाईंचं सोवळंओवळं... कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

स्टँडच्या आसपास कुणाचा खिसा कापला, सायकल गेली, की पहिला तोच उचलला जायचा. दोन दिवस चौकशीला. सुटून आला की इथे खाडा. असं चारदा झाल्यावर यांनीही हात टेकले. गाडीची पोती खोळंबून कशी चालतील? पुढे दीडेक वर्षाने दुसऱ्या हमालाकडून कळलं, तांब्याच्या तारेच्या चोरीत तो परत हिंडलग्याला गेला. सगळे म्हणाले, “बघा, सुधारत नाहीत हे लोक.” मी गप्प होते.

चित्रपटाबद्दलची माझी खरी तक्रार इथे आहे. तो ज्या प्रयोगावरून सुचला ते स्वतंत्रपूर काल्पनिक नाही. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात ही वसाहत उभी राहिली. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन त्यामागे होते. माडगूळकर त्याच मुलखातले. तिथे कैद्याला कसायला जमीन मिळते, आणि बायकामुलांना घेऊन राहता येतं. मला तर हीच त्या प्रयोगाची कळ वाटते. संध्याकाळी शेतातून परतल्यावर चूल पेटलेली असेल, पोरगं शाळेतून आलेलं असेल, तर पळून जाणार कुठे? पडद्यावर मात्र माळ दिसतो, झोपडी दिसते, आकाशाएवढे डोळे दिसतात. त्या सहाजणांच्या बायका कुठे आहेत, त्यांनी इतकी वर्षं काय खाल्लं, हे विचारायला चित्रपटाला फुरसत नाही. संत मोठा करायचा तर घरं लहान करावी लागत असतील. शेवटी आदिनाथ मरतो तेव्हा आपण रडतो ते त्याच्यासाठी. पुढे त्यांना आसरा कोण देईल, हा प्रश्न मनात येत नाही.

हे मी मंडळात बोलून दाखवलं. एक वैनी म्हणाल्या, “अहो, तो सिनेमा आहे. एवढं मनाला लावून घेऊ नये.” मग चहा आला.

क्षमावाणीला मी यंदाही साऱ्या गल्लीत फिरून ‘उत्तम क्षमा’ म्हटलं. मुली केव्हाच सासरी गेल्या. मागच्या खोलीत सध्या कांदे आणि जुन्या गाद्या आहेत.